दुसरी पेलेट-शेगडी घेतांना

संसारोपयोगी वस्तु पहिल्यानें घेतांना माणूस हौसेनें घेतो. तीच दुसऱ्यानें घेतांना त्यानें अनुभवानें घ्यावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षांत मात्र बहुतेक घरीं दुसरी खरेदीहि हौसेचीच होते, व ती पहिलीपेक्षां महाग पडते. अमेरिकेंतील घरांच्या परसांत दिसणारी 'पेलेट ग्रिल' नांवाची शेगडी हें याचें एक ठळक उदाहरण आहे. आमच्या वाचक-कुटुंबांपैकीं अनेकांचे मुलगे, मुली, पुतणे व भाचे त्या देशांत संसार थाटून आहेत, आणि उन्हाळ्यांत त्यांच्याकडे गेलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं ही शेगडी पाहिलीहि असेल. कांहीं वर्षांनीं पहिली शेगडी जुनी वाटूं लागते, शेजाऱ्याकडे नवी येते, जाहिराती डोळ्यांपुढें नाचूं लागतात, आणि 'आतां कोणती घ्यावी?' हा प्रश्न घरांत निघतो. वस्तु स्वस्त नव्हे. ४००-५०० डॉलरांपासून ३,००० डॉलरांच्याहि वर तिची किंमत जाते. तेव्हां या प्रश्नाचा विचार कोणत्या क्रमानें करावा, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेगडीचा जन्म व तिची रचना

१९७० नंतरच्या दशकांत खनिज तेलाची टंचाई पडली, तेव्हां अमेरिकेंत घरें ऊबदार ठेवण्यासाठीं दुसऱ्या इंधनाचा शोध सुरू झाला. लांकडाच्या गिरण्यांतून वायां जाणारा भुसा मोठ्या दाबाखालीं घालून त्याच्या सुमारें ६ मिलिमीटर जाडीच्या लहान कांड्या करण्यांत येऊं लागल्या. त्यांनाच पेलेट म्हणतात. त्यांत डिंक लागत नाहीं. दाबानें तापलेल्या लांकडांतील स्वाभाविक चिकट द्रव्यच भुसा धरून ठेवतें. ऑरेगन राज्यांतील माउंट एंजल या गांवीं जो ट्रेगर नांवाच्या गृहस्थाचा घरें ऊबदार ठेवण्याच्या साधनांचा धंदा होता. त्यानें हेंच इंधन स्वयंपाकाकडे वळविलें, व १९८६ सालीं त्याच्या शेगडीस पेटंट मिळालें. पुढें वीस वर्षें या क्षेत्रांत ट्रेगरला प्रतिस्पर्धी असा जवळजवळ नव्हताच. २००६ सालीं पेटंटची मुदत संपली आणि एकामागून एक कारखाने पुढें आले. आज गिऱ्हाइकाचा जो गोंधळ उडतो, त्याचें मूळ या घटनेंत आहे.

आतां रचना पाहूं. शेगडीच्या एका बाजूस पेलेटची पेटी असते. तिच्या तळाशीं एक मळसूत्री दांडा लहानशा विजेच्या मोटारीनें फिरतो, व पेलेट हळूहळू पुढें ढकलून वाटीएवढ्या अग्निपात्रांत टाकतो. तेथें विजेनें लाल होणारी सळई त्यांना पेटविते आणि पंखा वारा घालून आग फुलवितो. अग्निपात्राच्या वर एक उतरता पत्रा आडवा असतो, त्यामुळें ज्वाळा पदार्थास लागत नाहीं. तापलेली हवा व धूर हीं पंख्याच्या जोरावर झांकणाखालीं सर्वत्र फिरतात. आंतील उष्णमान मोजणारा कांटा तें नियंत्रकास कळवितो, आणि दांडा किती फिरवावयाचा हें नियंत्रक ठरवितो. थोडक्यांत, नांव 'ग्रिल' असलें तरी ही वस्तु जातीनें लांकडावर चालणारी भट्टी आहे. एवढी एक गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे अर्धा घोटाळा टळतो.

प्रथम उणीव ओळखावी

आमच्या मतें नवी शेगडी निवडण्याचा आरंभ दुकानांत होत नाहीं. जुन्या शेगडीपाशीं होतो. तिनें आपणांस नेमकें काय दिलें नाहीं, तें एका वाक्यांत सांगतां आलें पाहिजे. सामान्यतः ही उणीव तीन प्रकारची असते.

पहिली उणीव, आंच स्थिर न राहण्याची. जुन्या अगर स्वस्त शेगड्यांतील नियंत्रक घड्याळासारखा ठराविक सेकंद दांडा फिरवितो व ठराविक सेकंद थांबवितो; बाहेर वारा सुटला किंवा थंडी पडली कीं त्याचा हिशेब चुकतो. नव्या पद्धतीचा नियंत्रक, ज्यास तिकडे 'पी-आय-डी' म्हणतात, तो उष्णमान ठरलेल्या आंकड्यापासून किती दूर आहे, किती वेळ दूर राहिलें आहे व कोणत्या वेगानें बदलत आहे, या तिन्ही गोष्टी पाहून इंधन देतो. या कामीं पत्र्याची जाडीहि उपयोगी पडते. कॅन्सास राज्यांतील योडर कंपनीची वायएस-६४० ही शेगडी सुमारें ३.४ मिलिमीटर जाड पोलादाची व दीडशें किलोच्या आसपास वजनाची असते. एकदां तापली कीं ती सहसा निवत नाहीं. पण तापावयास वेळ घेते, आणि एके ठिकाणीं ठेवली कीं तेथून हलविणें हें दोघा माणसांचें काम.

दुसरी उणीव, धुराचा वास न लागण्याची. येथें एक विलक्षण अडचण आहे व ती विक्रेते सहसा बोलून दाखवीत नाहींत. लांकूड कोंडलेल्या आगींत धुमसलें म्हणजे सुवासिक धूर निघतो. तेंच मोकळ्या हवेंत स्वच्छ जळलें म्हणजे धूर थोडा निघतो. नियंत्रक जितका अचूक, तितकी आग स्वच्छ. आणि आग जितकी स्वच्छ, तितका धुराचा स्वाद कमी. म्हणजे पहिली उणीव भरून काढणारी शेगडी कित्येकदां दुसरी उणीव घरांत आणते! हें ओळखून यूटा राज्यांतील कॅम्प शेफ कंपनीनें धुराचें प्रमाण १ ते १० आंकड्यांवर ठरविण्याची सोय केली, व २०२२ सालच्या 'वुडविंड प्रो' शेगडींत लांकडाचे खरे तुकडे धुमसत ठेवण्यासाठीं वेगळें खणच बसविलें.

तिसरी उणीव, खरपूस भाजलें न जाण्याची. पुष्कळशा पेलेट-शेगड्यांची मजल सुमारें २३० ते २६० अंश सेल्सिअसपर्यंत असते, आणि ज्वाळा तर पत्र्याआड. त्यामुळें पदार्थ शिजतो, पण त्यास डाग पडत नाहीं. यावर निरनिराळ्या कारखान्यांनीं निरनिराळ्या युक्त्या काढल्या आहेत. पिट बॉसच्या अनेक शेगड्यांत अग्निपात्रावरील पत्रा सरकवून ज्वाळा मोकळी करतां येते. कॅम्प शेफच्या कांहीं शेगड्यांतहि तशी सोय असून, बाजूस गॅसची स्वतंत्र चूल जोडतां येते. वेबर कंपनीनें २०२० सालीं बाजारांत आणलेल्या 'स्मोकफायर'ची मजल सुमारें ३१५ अंशांपर्यंत होती. तिच्यामागून २०२४ सालीं आलेल्या 'सीअरवुड'चीहि तितकीच आहे. ट्रेगरनें मात्र भट्टीचा स्वभाव सोडला नाहीं. २०२२ सालच्या 'टिंबरलाइन' शेगडीच्या बाजूस त्यांनीं विजेची इंडक्शन चूल बसवून दिली.

या तिन्ही उणिवा एकदम भरून काढणारी शेगडी असल्याचें जाहिरातींत पुष्कळदां वाचावयास मिळतें. वाचकांनीं असें समजावें कीं, प्रत्येक कारखान्यानें एक गुण वाढविण्यासाठीं दुसऱ्यांत थोडी तडजोड केलेली असते. आपणांस कोणती तडजोड चालेल, एवढाच खरा प्रश्न.

आपल्या स्वयंपाकाची कसोटी

अमेरिकेंत या शेगडीची कीर्ति झाली ती मांसाचे मोठे गड्डे बारा-चौदा तास मंद आंचेवर शिजविण्यामुळें. रात्रीं शेगडी लावावी व सकाळीं उठून पाहावें, ही तिकडच्या गिऱ्हाइकाची मुख्य सोय. म्हणून जाहिरातींत मोठी पेटी, रात्रभर टिकणारी आंच, भ्रमणध्वनीवर दिसणारें उष्णमान, यांचा एवढा गाजावाजा असतो. ज्या घरीं शाकाहार आहे त्या घरास यांतील बहुतेक गुणांचें मोल द्यावें लागतें, पण उपयोग होत नाहीं. मक्याचीं कणसें, रताळीं, कांदे, भोपळी मिरच्या, पनीर हे पदार्थ बारा तास मागत नाहींत; ते अर्धा-पाऊण तास मागतात, आणि आंच मोठी मागतात.

वांग्याचीच कसोटी घ्या. ज्वाळा आड असलेल्या शेगडींत वांगें ठेवलें तर तें मऊ शिजतें, सुरकुततें, त्यास लांकडाचा मंद वासहि लागतो. परंतु साल करपून निघणारा जो भरताचा खमंगपणा, तो त्यांत उतरत नाहीं. तो हवा असेल तर ज्वाळा पदार्थापर्यंत पोंचली पाहिजे. म्हणून शाकाहारी कुटुंबानें धुराच्या आंकड्यांपेक्षां मोकळ्या ज्वाळेची सोय आधीं पाहावी, आणि पेटी लहान असली तरी खंत करूं नये. मंद आंचेवर तासाला सुमारें अर्धा किलो पेलेट लागतात, व मोठ्या आंचेवर त्याच्या दुप्पट-तिप्पट. अर्ध्या-पाऊण तासाच्या भाजणीस लहान पेटीहि पुरून उरते. उलट पावाची भाकर, पिझ्झा, भाजलेले भोपळे हे ज्यांच्या घरीं वरचेवर होतात, त्यांना ज्वाळेपेक्षां स्थिर आंच अधिक मोलाची.

एक गोष्ट येथें स्पष्टपणें सांगितली पाहिजे. कांहीं घरांत तरुण मंडळी मांसाहार करतात व वडील मंडळी करीत नाहींत. अशा घरीं दुसरी जाळी ठेवली म्हणजे भागलें, असें पुष्कळांस वाटतें. पण पेलेट-शेगडींत जाळी दोन असल्या तरी हवा एकच असते. उतरत्या पत्र्यावर सांचलेली जुनी चरबी तापली कीं तिचा धूर पंख्यानें सर्वत्र फिरतो व वांग्यासहि लागतो. आजी-आजोबा येणार असतील तर पत्रा खरवडून, त्यावरील आच्छादन बदलून व शेगडी थोडा वेळ मोठ्या आंचेवर रिकामी चालवून मगच त्यांच्यासाठीं भाजावें. ज्या घरीं हा प्रसंग वारंवार येतो, त्यांनीं नवी शेगडी घेतांना पत्रा किती सहज काढतां येतो व राख किती सुलभपणें पडते हें इतर सर्व गुणांच्या आधीं पाहावें. यांत कोणाचा आग्रह मोडण्याचा प्रश्न नाहीं. पाहुण्यानें निःशंक मनानें घास घ्यावा, हा आहे.

नवी घेण्यापूर्वीं

पुष्कळदां जुनी शेगडी वाईट नसते, तिची निगा वाईट असते. अग्निपात्रांत राख सांचली, उष्णता मोजणारा कांटा काजळीनें माखला, झांकणाच्या फटींतून हवा जाऊं लागली, कीं आंच डळमळते. हे दोष झाडणी व फडक्यानें, फार तर थोड्या डॉलरांत दूर होतात. पेटविणारी सळई निकामी झाली तर ती एकटी बदलतां येते. कित्येक जुन्या शेगड्यांना नवा पी-आय-डी नियंत्रकहि बसतो. धूर कमी वाटत असेल तर छिद्रें पाडलेली पोलादी नळी मिळते. तींत पेलेट भरून एका टोकास पेटवून जाळीवर ठेवली कीं ती तासन् तास धुमसते. खरपूसपणा हवा असेल तर जाड बिडाचा तवा जाळीवर चांगला तापवून त्यावर पदार्थ टाकावा. एवढें करूनहि उणीव उरली, तरच नव्या शेगडीचा विचार न्याय्य ठरतो.

पेलेटकडेहि पाहावें. ते ओले झाले कीं फुगून पुन्हा भुसा होतात आणि दांडा अडकवितात. तेव्हां बंद डब्यांत कोरडे ठेवावे. घर तापविण्याचे पेलेट स्वस्त मिळतात म्हणून स्वयंपाकास वापरूं नयेत. त्यांत स्वयंपाकास अयोग्य लांकूड असूं शकतें. पोत्यावर सफरचंदाचें किंवा चेरीचें नांव असलें तरी आंतील मुख्य भाग पुष्कळदां ओक किंवा आल्डर या झाडांचा असतो, हेंहि जाणून असावें.

विस्तवाचे नियम

ही शेगडी घरांत, गाडीच्या खोलींत अगर बंद सज्जांत कधींहि पेटवूं नये. तिच्यापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु वासावांचून प्राण घेतो. अमेरिकेंतील अनेक शहरांच्या अग्निनियमांप्रमाणें मोठ्या इमारतींतील सदनिकांच्या लांकडी सज्जांवर, किंवा जळाऊ बांधकामापासून १० फुटांच्या आंत, उघड्या विस्तवाचीं साधनें चालविण्यास मनाई आहे. भाड्याच्या घरीं राहणाऱ्यांनीं खरेदीपूर्वींच चौकशी करावी. एकदां पेटली नाहीं म्हणून पुन्हा लगेच कळ दाबूं नये. अग्निपात्रांत सांचलेले पेलेट काढून टाकावे, नाहीं तर ते एकदम भडकतात. काम झालें कीं तार उपटूं नये. पंखा आपोआप थांबेपर्यंत थांबावें, म्हणजे आग दांड्याच्या मार्गानें पेटीकडे सरकत नाहीं. चरबीनें पेट घेतला तर पाणी ओतूं नये. झांकण उघडूं नये.

कोणी जुनी शेगडी भारतांत पाठविण्याचा विचार करील, तर त्यानें तो सोडून द्यावा. तिकडील वीज १२० व्होल्टची व इकडील २३० व्होल्टची. सरळ जोडल्यास नियंत्रक जळून जाईल. शिवाय इकडे कारखान्यांच्या बाष्पकांसाठीं शेतांतील पालापाचोळ्याचे जे पेलेट होतात, ते अन्नासाठीं केलेले नसतात.

शेवटीं एक सोपी रीति सुचवितों. घरांतील मंडळींनीं एकत्र बसून गेल्या वर्षांत त्या शेगडीवर काय काय झालें त्याची यादी करावी, आणि प्रत्येक पदार्थापुढें 'मनासारखा झाला' किंवा 'नाहीं' असें लिहावें. जेथें 'नाहीं' अधिक, तेथें उणीव. जी शेगडी ती उणीव भरून काढील, तीच त्या घराची शेगडी. आणि यादीच लहान निघाली, तर नवी शेगडी घेण्याऐवजीं जुनीवर रविवारीं अधिक वेळां वांगीं भाजावीं. पैसे शिल्लक राहतील, आणि भरताला घरचीं सर्व माणसें एकत्र जमतील.