दिव्यावरचा पतंग ओळखा, मगच पंपाला हात लावा



उन्हाळी टोमॅटोला फुलं-फळं लागली असतील, तर हे नक्की वाचा. संध्याकाळी दिव्याभोवती पतंग दिसले की आपण लगेच औषध आणायला निघतो. पण त्यातला प्रत्येक पतंग आपल्या पिकाचा शत्रू नसतो.

बांधावर बल्ब टांगा. खाली घमेल्यात पाणी आणि थोडी कपड्यांची पावडर टाका. वायर पाण्यापासून लांब ठेवा. दिवा 7 ते 10 एवढाच लावा, रात्रभर ठेवला तर मित्रकीटकही जास्त मरतात.

सकाळी पतंग कागदावर काढून पंख बघा:

*फळ पोखरणारी अळी (हेलिकोव्हर्पा):* पुढचे पंख पिवळट-तपकिरी, मध्ये काजूच्या आकाराचा काळसर ठिपका. मागचे पंख फिकट, कडेला रुंद काळपट पट्टा.

*पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा):* पुढच्या तपकिरी पंखांवर पांढऱ्या रेघांची जाळी, मागचे पंख पांढरे.

*हिरवा, नाजूक, जाळीदार पंखांचा किडा:* हा पतंग नाही, क्रायसोपा आहे. याची अळी मावा खाते. हा आपला मित्र.

दिव्यावर शेजारच्या रानातले पतंगही येतात. शिवाय अंधाऱ्या रात्री जास्त आणि पौर्णिमेला कमी येतात. म्हणून अमावस्येची गर्दी बघून घाबरू नका. खरा हिशोब कामगंध सापळ्याचा. हेलिकोव्हर्पाची ल्यूर लावून एकरी 2 सापळे पिकाच्या वर एक फूट ठेवा. त्यात फक्त नर सापडतात. रोज सकाळी मोजा, वहीत लिहा, सापळा रिकामा करा. ल्यूर 3-4 आठवड्यांनी बदला.

एका सापळ्यात सलग 2-3 दिवस रोज 8-10 पतंग आले, तर शेंड्याकडची कोवळी पानं तपासा. मादी तिथे एक-एक अंडं सुटं घालते आणि साधारण 3 ते 5 दिवसांत अळी निघते. तेवढेच दिवस आपल्या हातात असतात. अंडी किंवा बारीक अळ्या दिसल्या तर संध्याकाळी 5% निंबोळी अर्क फवारा. अळी फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, खर्च मात्र होतो.

पतंग ओळखू आला नाही तर पंख उघडून, उजेडात, जवळून फोटो काढा आणि गटावर टाका. सोबत पीक आणि सापळ्यातला आकडा लिहा.