पहिल्या नंबराचे ओझे

पेढे वाटून होतात, मामा-मावश्यांचे फोन येऊन जातात, नवा पांढरा कोट शिवून येतो. आमची छकुली आता डॉक्टर होणार! या आनंदात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. मेडिकलला गेलेले मूल बहुधा आयुष्यात एकदाही नापास झालेले नसते.

तेथे तर वर्गात सारेच आपापल्या शाळेतले पहिले. त्यांतही कोणीतरी शेवटचा येणारच, हे साधे गणित. परंतु ते घरी कोणी शिकवलेले नसते. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन असे तीन डोंगर पुढे, आणि नाकात फॉर्मॅलिनचा वास. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर हाडांची नावे पाठ करण्याआधी ती उच्चारायला शिकावे लागते. पहिल्या चाचणीत पन्नासांपैकी बारा गुण पडतात. घरून फोन येतो, "कसा गेला रे पेपर?" "बरा गेला." दुखण्याची सुरुवात या "बरा गेला"पासूनच होते, असे आम्हाला वाटते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ साली आपला अहवाल दिला. पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली होती; त्यांतील २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. प्रश्नावली ज्याच्या-त्याच्या खुशीची, म्हणून आकडा थोडा मागेपुढे धरा. तरी चौघांत एक! निवासी डॉक्टरांकडून आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम घेऊ नये, त्यांना दिवसाकाठी सात-आठ तास झोप मिळावी, असेही या दलाने सुचवले. झोपेची शिफारस करावी लागते, यातच सारे आले.

गंमत अशी की, मनाचा डॉक्टर याच आवारात बसलेला असतो. मानसोपचार विभाग प्रत्येक मेडिकल कॉलेजात असतोच. पण तेथे केसपेपर काढायचा तो आपल्याच वर्गमित्रांच्या देखत. शिवाय पुढे तोंडी परीक्षेला तेच सर समोर यायचे! मग पाऊल उचलत नाही. अशांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'ची १४४१६ ही फोनसेवा आहे. ती मोफत आहे, अहोरात्र चालते आणि मराठीतूनही बोलता येते.

राहता राहिले नापास होणे. २०२३ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चार वेळा बसता येते. तुमच्या घरच्या हातगुणाच्या डॉक्टरांना, "आपण कितव्या खेपेला पास झालात?" असे तुम्ही कधी विचारले आहे काय?

या सुटीत मुलगी घरी आली असेल, तर फराळाचे ताट पुढे ठेवून पेपरांचा विषय काढू नका. रात्री किती वाजता निजतेस, मेसमध्ये कोणाबरोबर जेवतेस, एवढेच विचारा. उत्तर द्यायला तिने वेळ घेतला, तर मध्ये बोलू नका.