कोलमनचे 98 सामने

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला कोलमन पदक मिळतं. 1981 मध्ये या पदकाला जॉन कोलमनचं नाव दिलं गेलं. त्याच्याविषयी मात्र ऐकीव गोष्टीच जास्त पसरल्या आहेत.

गैरसमज: तो ताडमाड उंच होता, म्हणून त्याला उंचावरचे झेल जमत.

वस्तुस्थिती: उंची सुमारे 185 सेंटिमीटर. खरी ताकद उडीत आणि अचूक वेळ साधण्यात होती. या खेळात दूरवरून लाथाडलेला चेंडू हवेत झेलला, की झेलणाऱ्याला बिनअडथळा किक मिळते. कोलमन प्रतिस्पर्ध्यांच्या खांद्यांवरून झेपावत असे. 1949 मध्ये एसेंडन क्लबकडून हॉथॉर्नविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने 12 गोल केले. त्या मोसमातला शंभरावा गोल आला थेट अंतिम सामन्यात, अगदी अखेरच्या मिनिटांत.

गैरसमज: 1951 चं विजेतेपद त्याच्या तापटपणामुळे गेलं.

वस्तुस्थिती: साखळीच्या शेवटच्या सामन्यात कार्लटनच्या हॅरी कॅस्परशी त्याची हातघाई झाली. कोलमनने मारलं हे खरं, पण आधी मार खाल्ल्यावर. शिस्त समितीने दोघांनाही सारखीच शिक्षा दिली, चार सामन्यांची बंदी. आधीची दोन्ही वर्षं विजेता ठरलेला एसेंडन अंतिम सामन्यात जिलाँगकडून 11 गुणांनी हरला. गोलाला 6 गुण असतात, म्हणजे फरक दोन गोलांचाही नव्हता. आणि बाहेर बसलेला गडी सामन्यामागे पाचांहून अधिक गोल करणारा! ही शिक्षा मला आजही अन्यायाची वाटते.

गैरसमज: दुखापतीआधीच त्याचा खेळ उतरणीला लागला होता.

वस्तुस्थिती: 1954 मध्ये फिट्झरॉयविरुद्ध त्याने 14 गोल केले. पुढच्याच सामन्यात, विंडी हिलच्या घरच्या मैदानावर, त्याचा गुडघा निखळला. वय अवघं 25. शस्त्रक्रिया झाली, 1956 च्या मोसमासाठी त्याने पुनरागमनाची धडपडही केली, पण गुडघ्याने साथ दिली नाही. हिशेब तिथेच थांबला: 98 सामने, 537 गोल.

गैरसमज: त्यानंतर तो खेळातून विस्मरणात गेला.

वस्तुस्थिती: 1961 ते 1967 तो एसेंडनचा प्रशिक्षक होता. 1962 आणि 1965 ची विजेतेपदं त्याच्याच मार्गदर्शनाखाली आली. 1973 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. त्याची ओळख सांगताना निखळलेल्या गुडघ्यासोबत ही दोन विजेतेपदंही सांगायलाच हवीत.