पडद्यावरचा मेसेज कोणाकोणाला दिसतो?

मेसेजवर नजर ठेवणारे अ‍ॅप मेसेज वाटेत पकडत नाही, पडद्यावर उघडल्यावर वाचते. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. त्यामुळे अशा अ‍ॅपला या दोनपैकी एका फोनमध्येच शिरावे लागते. ‘फक्त नंबर टाका, सगळे चॅट पाहा’ ही जाहिरात बहुधा पैसे उकळण्यासाठीच असते.

इंदापूर तालुक्यातल्या गावातून बारामतीला शिकायला गेलेल्या मुलाच्या काळजीने पालकाने असे अ‍ॅप घेतले, तर आधी मुलाचा फोन हातात यावा लागतो. अँड्रॉइडवर बहुधा प्ले प्रोटेक्ट हे गूगलचे सुरक्षा कवच बंद करून प्ले स्टोअरबाहेरून आलेली अ‍ॅपची एपीके फाइल टाकायची, मग नोटिफिकेशन आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायची. ही दुसरी सोय खरे तर अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्यासारख्या मदतीसाठी आहे! एवढे करूनही हाती तुकडेच लागतात. नोटिफिकेशनमधून फक्त आलेले मेसेज कळतात, व्हॉइस मेसेजची नुसती खूण दिसते. बॅटरी वाचवण्यासाठी फोनच कधी अ‍ॅप बंद पाडतो. मुलाने मित्राचा फोन वापरला, तर काहीच कळत नाही. शिवाय ‘उद्या संपवून टाकू’ हे भांडणाबद्दल आहे की सबमिशनबद्दल, हे अ‍ॅप सांगत नाही.

पालकाने उघडलेल्या याच दारातून चोरही येतो. पीएम किसान योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बनावट एपीके फाइल अशाच परवानग्या मागतात. त्या मिळाल्या की बँकेचा ओटीपी परस्पर पुढे जातो. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्याचे उसाचे बिल ज्या खात्यात जमा होते, ते खाते बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या अशाच फोनच्या नंबराला जोडलेले असते.

अ‍ॅप चोराचे नसले, तरी गोळा झालेला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो. पोलंडमधल्या ‘लेटमीस्पाय’ या अशाच अ‍ॅपचा सर्व्हर जून २०२३ मध्ये फोडला गेला आणि हजारो फोनमधला मजकूर चोरीला गेला, काही आठवड्यांतच ती सेवा बंद पडली. ‘स्पायफोन’ या दुसऱ्या अ‍ॅपवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्येच बंदी घातली होती.

मेसेज एकट्याचा नसतो, समोरच्याचाही असतो. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी ११ ऑगस्ट २०२४ रोजी आपला फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप हॅक झाल्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांना पहिली विनंती केली ती फोन किंवा मेसेज न करण्याची.

मालकाच्या परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने फोनमधली माहिती काढून घेतल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. स्त्रीच्या इंटरनेट वा मेसेजच्या वापरावर पुरुषाने पाळत ठेवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येते, आणि त्यातून नवराही सुटत नाही.

संशय आल्यास व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’, अ‍ॅक्सेसिबिलिटीची यादी आणि प्ले प्रोटेक्ट तपासावे. पाळत घरातल्याच माणसाची असेल, तर अ‍ॅप लगेच काढू नये: काढताच त्याला कळते आणि पुरावाही जातो. आधी दुसऱ्या फोनवरून मदत मागावी. पैसे गेले असतील, तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.