‘ऊर्जातज्ज्ञ’ येतात कुठून?

वीजदरवाढीचा प्रस्ताव जाहीर झाला, की वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर ‘ऊर्जातज्ज्ञां’ची मते झळकू लागतात. त्याच सुमारास वीज नियामक आयोगापुढे जनसुनावणी होते. तेथेही वीज कंपनीचे तज्ज्ञ, उद्योगांचे तज्ज्ञ आणि ग्राहकांचे तज्ज्ञ एकमेकांची आकडेवारी खोडून काढत असतात. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. ऊर्जातज्ज्ञाला यापैकी काहीच लागत नाही. हे बिरुद मिरविणारी व्यक्ती पूर्वायुष्यात अभियंता होती, सनदी अधिकारी होती, की एखाद्या वित्तसंस्थेत होती, याची चौकशी सामान्य ग्राहक सहसा करीत नाही. ती करण्याजोगी आहे. तज्ज्ञ ज्या पेशातून येतो, त्या पेशाचे प्रश्न तो सोबत घेऊन येतो. आणि जो प्रश्न कोणीच विचारला नाही, त्याची किंमत पुढे वीजबिलात उतरते. महाराष्ट्राला हा धडा दाभोळ प्रकल्पाने दिला.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. त्यानंतरची तीन दशके या राज्यात वीजतज्ज्ञ म्हणजे मंडळाचा अभियंता, असेच समीकरण होते. अभियांत्रिकीची पदवी घ्यावी, मंडळात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू व्हावे आणि उपकेंद्रे, वाहिन्या, वीजनिर्मिती केंद्रे असा प्रवास करीत मुख्य अभियंत्याच्या पदापर्यंत पोहोचावे, हा ठरलेला मार्ग होता. कोयनेपासून कोराडीपर्यंतचे प्रकल्प याच पिढीने उभे केले, हे तिचे ऋण मान्य करावेच लागेल. संच बंद पडला तर तो किती तासांत सुरू होईल, हा या पेशाचा प्रश्न. ती वीज कोणत्या दराने कोणाला विकली जाणार आणि तिचे पैसे वसूल होणार का, हा विषय मंडळाच्या लेखा विभागाचा आणि त्याहूनही अधिक मंत्रालयाचा मानला जाई. दर मंडळ आणि शासन यांच्यातच ठरत असल्याने हिशेबाची जाहीर उलटतपासणी होण्याची सोयच नव्हती.

अशा पार्श्वभूमीवर जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे शिष्टमंडळ मुंबईत आले आणि अवघ्या काही दिवसांत, २० जून रोजी, सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. टेबलाच्या त्या बाजूची माणसे कोणत्या पेशातली होती, हे पाहण्यासारखे आहे. कंपनीचे अध्यक्ष केनेथ ले हे अर्थशास्त्राचे डॉक्टरेट. अमेरिकेच्या फेडरल पॉवर कमिशनमध्ये, म्हणजे तेथील ऊर्जा नियामक संस्थेतच, त्यांनी काम केले होते. जेफ्री स्किलिंग हे हार्वर्डचे व्यवस्थापन पदवीधर आणि मॅकिन्सी या सल्लागार कंपनीतून आलेले. भारतातील प्रकल्पाचा चेहरा बनलेल्या रिबेका मार्क यांची सुरुवात ह्यूस्टनमधील एका बँकेत झाली होती. यांपैकी कोणाचाही पेशा वीजनिर्मिती केंद्र चालविण्याचा नव्हता. करार कसा बांधावा, जोखीम कोणाच्या पदरात टाकावी आणि परतावा कसा सुरक्षित करावा, हे त्यांचे कौशल्य होते. केंद्र उत्तम चालेल का, या प्रश्नात मुरलेल्या यंत्रणेची गाठ अशा मंडळींशी पडली होती.

८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला. त्यातील मेख समजण्यासाठी घरातील वीजबिल हाती घेतले तरी पुरे. त्यात एक ‘स्थिर आकार’ असतो, वीज वापरा वा न वापरा तो द्यावाच लागतो. आणि दुसरा वापरलेल्या युनिटांचा. दाभोळच्या दरातही असेच दोन भाग होते. केंद्र वीज देण्यास सज्ज असले, की मंडळाने वीज घेतली नाही तरी स्थिर आकार देणे बंधनकारक होते, आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. रुपया घसरला की आकार आपोआप वाढणार. इंधनाचा भाव वाढला तर तोही मंडळाच्याच माथी.

या व्यवहाराविषयीची पहिली ठळक हरकत राज्यातून आली नाही. कर्जासाठी विचारणा झाल्यावर १९९३ मध्ये जागतिक बँकेने नकार कळविला. बँकेच्या अर्थतज्ज्ञांचा मुद्दा यंत्रांविषयी नव्हताच. महाराष्ट्राला टंचाई भासते ती प्रामुख्याने सकाळ-संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी. आयात वायूवर चालणारे महागडे केंद्र दिवसभर चालवायचे, तर तेवढ्या वेळात कोळशावरचे स्वस्त संच मागे घ्यावे लागतील, आणि हा भार मंडळाला पेलवणार नाही, असे त्यांचे गणित होते. एखाद्या कुटुंबाने सणासुदीला लागते म्हणून बारमाही आचारी ठेवावा आणि घरचा स्वयंपाक बंद करावा, तसा हा प्रकार. नकार आला, तरी प्रकल्प पुढे गेला.

महाराष्ट्रातून हेच गणित सविस्तर मांडले ते पुण्याच्या ‘प्रयास’ या छोट्या संस्थेने. १९९५ मध्ये या गटाने कराराचे तांत्रिक व आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात पुढाकार घेणारे गिरीश संत हे आयआयटी, मुंबईचे अभियंते. परंतु ते ना मंडळाच्या सेवेत होते, ना कोणा कंपनीच्या. त्यांच्या कामावर डॉ. अमूल्य रेड्डी यांच्या विचारांचा ठसा होता, आणि रेड्डी यांची वाटचाल तर अधिकच वेगळी. ते मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. त्या विषयावरील त्यांचा सहलिखित ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना ग्रामीण तंत्रज्ञानाकडे आणि तेथून ऊर्जानियोजनाकडे ते वळले. कर्नाटकात विजेची गरज प्रचंड वाढणार असे शासकीय नियोजनाचे भाकीत असताना, वीज कशासाठी लागते याचा हिशेब तळापासून मांडला तर निम्म्याहूनही कमी विजेत भागते, असे त्यांनी दाखवून दिले. किती वीज निर्माण करता येईल, याऐवजी लोकांना नेमके काय हवे आहे, हा प्रश्न अभियंत्यांच्या परंपरेबाहेरून आला, यात नवल नाही. रेड्डी यांचे २००६ मध्ये, तर संत यांचे २०१२ मध्ये अकाली निधन झाले.

दाभोळचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि इशारे खरे ठरू लागले. इंधन म्हणून वापरल्या जाणाऱ्या नाफ्थाचे भाव चढले, रुपया घसरला, मंडळाची थकबाकी वाढली. २००१ च्या आरंभी राज्य शासनाने माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली ऊर्जा आढावा समिती नेमली. गोडबोले हे अर्थशास्त्राचे डॉक्टरेट, केंद्रीय गृहसचिव आणि एके काळी वीज मंडळाचेच अध्यक्ष राहिलेले. सदस्यांत ऊर्जा व अर्थव्यवहार या दोन्ही खात्यांचे केंद्रीय सचिव राहिलेले ई. ए. एस. सर्मा होते; सनदी लेखापाल असलेले व गृहवित्त क्षेत्रात नाव मिळविलेले दीपक पारेख होते; स्थापत्य अभियांत्रिकीतून अर्थशास्त्राकडे वळलेले किरीट पारीख होते; आणि वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यातून कारकीर्द सुरू करणारे राजेंद्र पचौरी होते. कराराचा मसुदा, इंधनाचा व्यवहार, चलनाची जोखीम आणि शासकीय निर्णयप्रक्रिया या साऱ्यांवर एकाच वेळी नजर टाकू शकेल अशी ही जुळणी होती. डॉलरशी असलेली बांधणी तोडावी, वायू उतरविण्याची व्यवस्था वीजप्रकल्पापासून वेगळी करावी, अशा शिफारशी समितीने केल्या आणि शासनयंत्रणेच्या अपयशावर बोट ठेवले. खेदाची गोष्ट एवढीच, की ही जुळणी करार होण्यापूर्वी झाली नाही. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले, डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये एनटीपीसी व गेल यांच्या सहभागातून नव्या कंपनीची स्थापना होऊन प्रकल्प तिच्याकडे गेला.

मधल्या काळात एक महत्त्वाची घटना घडली होती. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग अस्तित्वात आला आणि मंडळाचे हिशेब प्रथमच जाहीर छाननीसाठी खुले झाले. वर्षानुवर्षे सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास दाखविली जाणारी वीजगळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांहून अधिक आहे, हे २००० सालच्या दरनिश्चितीच्या प्रक्रियेत उघड झाले. मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर फुगवून उरलेली गळती त्याआड झाकली जात होती. ते दिसण्यासाठी कोणी नवे यंत्र शोधले नव्हते. बाहेरच्या माणसांना कागद पाहण्याचा अधिकार मिळाला, इतकेच.

वेगवेगळ्या पेशांची माणसे वेळीच एकत्र आली तर काय होते, याचेही उदाहरण त्याच काळात सापडते. विजेच्या जाळ्याची वारंवारता पन्नास हर्ट्झच्या आसपास राहावी लागते. मागणी पुरवठ्याहून वाढली की ती घसरते, आणि फार घसरली तर संपूर्ण जाळे कोसळण्याचा धोका असतो. ठरल्यापेक्षा अधिक वीज उचलू नका, असे आदेश राज्यांना सुटत. पण उचलली तरी खिशाला विशेष चाट बसत नसल्याने ते पाळले जात नसत. पॉवरग्रिड कंपनीतील अभियंता भानू भूषण यांनी वारंवारतेलाच दराशी जोडण्याची कल्पना पुढे रेटली. वारंवारता जितकी खाली, तितकी जादा उचललेली वीज महाग. या रचनेचा आदेश केंद्रीय आयोगाने जानेवारी २००० मध्ये दिला, तेव्हा अध्यक्ष होते एस. एल. राव. ते हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपन्यांतून आणि पुढे राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदावरून आले होते. १ जुलै २००२ रोजी ही पद्धत प्रथम पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्रासह, लागू झाली आणि आदेशांनी जे साधले नव्हते ते दराने बऱ्याच अंशी साधले. २०१४ मध्ये तिची जागा नव्या नियमांनी घेतली.

आता प्रश्न उरतो तो आयोगांत कोण बसतो, याचा. विद्युत अधिनियम, २००३ मध्ये केंद्रीय आयोगासाठी पेशांची विभागणीच करून दिली आहे: एक सदस्य वीजक्षेत्रातील अभियंता, एक वित्त क्षेत्रातील, आणि दोन अर्थशास्त्र, वाणिज्य, कायदा वा व्यवस्थापन यांतील. राज्य आयोगांसाठी मात्र या सर्व विषयांची नावे एकत्र दिली आहेत. कोणत्या विषयाचा किती वाटा, हे सांगितलेले नाही. निवड समिती प्रत्येक रिक्त जागेसाठी दोन नावे सुचविते, त्यांतून शासन एकाची नेमणूक करते. परिणामी, महाराष्ट्र आयोगाच्या अध्यक्षपदी आलेले प्रमोद देव, व्ही. पी. राजा, चंद्रा अय्यंगार, आनंद कुलकर्णी, संजय कुमार हे सारे भारतीय प्रशासकीय सेवेतील. त्यांचा अनुभव दांडगा असतो, याविषयी वाद नाही. देव तर पुढे केंद्रीय आयोगाचेही अध्यक्ष झाले. परंतु ज्या शासनात हयात गेली, त्याच शासनाच्या मालकीची महावितरण कंपनी दरवाढ मागण्यासाठी समोर उभी राहते, ही अडचण व्यक्तीच्या सचोटीने पुरती सुटत नाही. कायद्याने निवृत्तीनंतरच्या मोहाचा विचार केला आहे: आयोग सोडल्यावर दोन वर्षे व्यापारी नोकरी स्वीकारण्यास मनाई आहे. आयोगात येण्यापूर्वी माणूस कोठे होता, याबाबत मात्र कायदा बराच उदार आहे.

१२ एप्रिल २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यात एक दुरुस्ती घडवून आणली. आयोग निवाडेही करतात, तेव्हा अध्यक्ष न्यायाधीशच हवा असे नसले तरी निदान एक सदस्य कायद्याच्या क्षेत्रातील असलाच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. सौर व पवनऊर्जेचा वाटा वाढल्यापासून आणखी नव्या पेशांची गरज भासू लागली आहे. या केंद्रांनी वीजनिर्मितीचा अंदाज आगाऊ द्यावा, असा नियम महाराष्ट्र आयोगाने २०१८ मध्ये केला. त्यासाठी आता हवामानशास्त्र आणि संगणकशास्त्र जाणणारी मंडळी लागतात.

आयोगापुढील सुनावणी मात्र कोणत्याही पेशाला बंद नाही. दराच्या प्रस्तावाचा सारांश वृत्तपत्रांत प्रसिद्ध करणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि त्यावर कोणीही ग्राहक लेखी सूचना वा हरकत पाठवू शकतो. ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी आयोग प्रतिनिधीही नेमू शकतो. प्रयाससह मुंबई ग्राहक पंचायत आणि विदर्भ, ठाणे-बेलापूर येथील उद्योजकांच्या संघटनांना हे काम दिले गेले आहे. हरकतदाराने आपली पदवी सांगावी, अशी अट त्यात नाही.