घर कारखान्यातून येणार, मग प्रश्न आधी विचारा

गडहिंग्लज परिसरात घर बांधायला काढले की मालक रोज कामावर फेरी मारतो. जोत्यावर उभा राहून गवंड्याला सांगतो, खिडकी जरा इकडे घ्या, न्हाणीचे दार परड्याकडे काढा. भिंत कमरेपर्यंत आलेली असली तरी गवंडी चार विटा काढतो आणि काम पुढे जाते. कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडायच्या मॉड्युलर घरात ही मुभा राहत नाही. खिडकीची चौकट, वायरीची नळी, पाण्याचा पाइप, सगळे कारखान्यात पॅनेल तयार होण्यापूर्वी ठरते. त्यामुळे कंपनी आणि कुटुंब यांच्यातली पहिली बैठक नीट आखणे हे भिंतीची जाडी ठरवण्याइतकेच तांत्रिक काम आहे.

अशा घरांची गरज खरी आहे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी साधारण ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंट उद्योगाचा आहे आणि मॉड्युलर घरात सिमेंट कमी लागते. कारखान्यात माल मापून कापला जातो, नासाडी कमी होते, भिंतींवर पाणी मारत बसावे लागत नाही आणि घर हलके असल्याने पायाही बेताचा पुरतो. मात्र आपल्याकडे ट्रकची रुंदी साधारण २.६ मीटरच्या आत ठेवावी लागते. आख्खी खोली उचलून आणायची तर ती साडेआठ फुटांहून रुंद करता येत नाही. म्हणून गल्लीबोळांच्या गावांत सुटी पॅनेले आणून जागेवर जोडणे सोयीचे.

या पॅनेलांचे विज्ञान ग्राहकाला समजले पाहिजे. जुन्या घराची जाड मातीची भिंत दुपारची उष्णता शोषते आणि ती कित्येक तासांनी आत सोडते. हलके पॅनेल वेगळ्या रीतीने काम करते. त्यातल्या फोममध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते. पण पोलाद फोमच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. सांगाड्याची पट्टी बाहेरून आतपर्यंत सलग असेल, तर उन्हाळ्यात तेवढाच भाग तापतो आणि थंडीत स्वयंपाकाची वाफ तिथेच जमून बुरशी धरते. पत्र्याचेही गणित आहे. दहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा तापमान ४० अंशांनी बदलले की सुमारे पाच मिलिमीटर लांब-आखूड होतो. सांध्याला तेवढी मोकळीक नसेल तर स्क्रूभोवतीची भोके सैल होतात आणि पुढच्या पावसाळ्यात घर गळू लागते.

वातानुकूलित शोरूममध्ये यातले काहीच कळत नाही. नमुना घर तालुक्यातच उभारावे आणि कुटुंबाने ते एप्रिलच्या भर दुपारी व जुलैच्या पावसात पाहावे. पत्र्यावरच्या सरींच्या आवाजात घरात बोललेले ऐकू येते का, हे तिथे बसल्यावरच समजते.

पुढे प्रश्नांची यादी हवी. वर्षाचे धान्य कुठे ठेवणार? झोपाळा कुठे टांगणार? फडताळ कोणत्या भिंतीवर? त्या जागी पॅनेलच्या आत आधार आधीच बसवावा लागतो. मुलाचे लग्न झाल्यावर वर मजला चढवायचा आहे का? जागा हिरण्यकेशीच्या काठाजवळ असेल, तर पुराचे पाणी कुठवर येते? हलके घर पाण्यात उचलले जाऊ शकते, म्हणून जोत्याची उंची आणि पायाशी केलेली पक्की बांधणी दोन्ही ठरवावी लागतात.

घराआधी माणसांशी बोलण्याचा धडा महाराष्ट्राने किल्लारीत घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पुष्कळ ठिकाणी आखीव चौकोनी गावे झाली. वाडे, गल्ल्या, शेजार यांची जुनी घडी विस्कटली. ज्या गावांत घरे जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथे सरकारने स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने गावातल्या महिलांना ‘संवाद सहाय्यक’ नेमले. घराघरांत जाऊन त्यांनी भूकंपरोधक बांधकामाची माहिती दिली आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवल्या. मॉड्युलर घरे विकणाऱ्यांनी अशीच स्थानिक बाई प्रत्येक कुटुंबामागे नेमावी. चूल, न्हाणी, धुणे, वाळवण यांची जागा तीच नेमकी विचारेल.

हमीचे काय? जपानमध्ये २००० पासून लागू असलेल्या कायद्याने नव्या घराचा सांगाडा आणि पावसाची गळती यांची दहा वर्षांची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे. आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षे दिली आहेत. पण तो कायदा बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे. स्वतःच्या जागेत एकटे घर उभारणाऱ्याने गळती, सांधे आणि सुटे भाग यांची मुदत करारात लिहूनच घ्यावी. वायरी आणि पाइप कुठून गेले, याचा मराठी नकाशाही सोबत मागावा.

घर ताब्यात दिले म्हणजे कंपनीचे काम संपले, असे होऊ नये. एक पावसाळा आणि एक उन्हाळा सरल्यावर तिच्या माणसाने परत यावे, कुठे ओल आली, काय अडले, हे विचारावे आणि त्यावरून पुढची पॅनेले सुधारावीत. गवंडी एका मालकाचे ऐकून एक घर दुरुस्त करतो. कारखान्याने एका कुटुंबाचे ऐकले तर पुढची शंभर घरे सुधारतात. ऐकले नाही तर तीच चूक शंभर घरांत जाऊन बसते.