भुवईखालची गाठ

घाटकोपरच्या या डोळ्यांच्या ओपीडीत आईवडील समोर बसले की डॉक्टर फाइलीआधी मोबाइल मागतात. बारशाचे फोटो, जावळाचे, पहिल्या वाढदिवसाचे. फोटो मोठा करून भुवईचं बाहेरचं टोक न्याहाळतात. गाठ जन्मापासूनची आहे का, किती वेगाने वाढली, हे तिथे दिसतं. लहान मुलांच्या डोळ्याच्या खोबणीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात. पण काही दिवसांतच फुगून डोळा पुढे ढकलणारी गाठ दिसली, तर रॅब्डोमायोसार्कोमा या कॅन्सरची शंका धरून तातडीने स्कॅन करावा लागतो. म्हणून ‘कधीपासून?’ हा प्रश्न आईला, बापाला, आजीला वेगवेगळा विचारला जातो.

अंधेरीहून मेट्रोने आलेल्या एका आईने रांजणवाडी समजून महिनाभर शेक दिला होता. डॉक्टरांनी गाठीवरची कातडी सरकवून पाहिली. कातडी सुटी, गाठ हाडाला धरून. मग बोट मागे नेऊन कडा चाचपली. मागची कडा हाताला लागली तर काम बरंच सोपं. नाही लागली तर सीटी स्कॅन, कारण गाठ कधी कधी हाडाच्या सांध्यातून आत उतरलेली असते. नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या गाठीला तर स्कॅनशिवाय हात लावायचाच नाही. रडताना ती फुगत असेल, तर मेंदूचं आवरणच तिथे बाहेर आलेलं असू शकतं.

“ताई, हा डर्मॉइड आहे. कॅन्सर नाही.”

गर्भात कवटीची हाडं जुळताना त्वचेच्या काही पेशी सांध्यात अडकतात आणि बंद पिशवीत त्वचेचंच काम करत राहतात. आत तेलकट लगदा साठतो, कधी बारीक केसही. ही पिशवी न फोडता काढण्यात शस्त्रक्रियेची सगळी कसोटी. व्रण लपावा म्हणून छेद पापणीच्या घडीत घेतात आणि पिशवीची पातळ भिंत हाडावरच्या आवरणापासून सावकाश सोडवतात. फुटलीच, तर आतल्या लगद्याने आजूबाजूला दाह होतो. सगळं धुऊन काढावं लागतं. भिंतीचा तुकडा राहिला तर गाठ पुन्हा येते.

तान्ह्या बाळाच्या पापणीवरचा लाल, मऊ फुगवटा ही वेगळी गोष्ट. तो हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांची गाठ. “गरोदरपणात ग्रहण पाळलं नाहीस,” असं घरी ऐकून आलेल्या आया मी इथे पाहिल्या. “तुमचा यात काही दोष नाही,” हे डॉक्टर नवऱ्यासमोर, सासूसमोर मुद्दाम सांगतात. माझ्या मते उपचार तिथूनच सुरू होतो.

ही गाठ पहिले काही महिने भराभर वाढते, मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरते. तरी नुसती वाट पाहणं नेहमी परवडत नाही. पापणी बुबुळावर उतरली किंवा गाठीच्या दाबाने डोळ्याचा आकार बदलला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. 2008 साली फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं: हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बाळाचा हिमँजिओमाही आक्रसला होता. आज अशा बाळांना बहुधा हेच औषध पहिलं देतात. वजनावर मात्रा, सुरुवातीला नाडी आणि रक्तदाबावर लक्ष. साखर उतरू नये म्हणून उपाशीपोटी द्यायचं नाही; बाळ दूध पीत नसेल, तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

गाठ ओसरल्यावरही तपासण्या सुटत नाहीत. तिरकस नंबर राहिला असेल तर चष्मा, आणि मागे पडलेल्या डोळ्याला कामाला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी.